वारा गावचा, पातं कुणाचं?

योगेश्वरीचं, मुकुंदराजांचं आणि परळीच्या धुराड्यांच्या शेजारचं अंबाजोगाई. या डिसेंबरात तिकडे एक चक्कर टाकाच. देवदर्शन होईल, भज्जी-आंबील खाऊन होईल आणि आपल्या घरातल्या विजेचा खरा मालक कोण, हा प्रश्नही सोबत येईल.

वीकेंडचा विषय निघाला की ऑफिसात तीच चार नावं फिरतात. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग आणि बॉसचा मूड चांगला असेल तर गोवा. अशा वेळी कुणी 'बीड' म्हटलं तर सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. दुष्काळ, ऊसतोड आणि गुन्ह्यांच्या बातम्या, एवढंच या नावाला चिकटलेलं. पण पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जरा कान देऊन बसा. कुठल्या तरी टेबलावरून 'काय करायलास', 'कुठं जायलास' ऐकू येणारच. मराठवाडा आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये येऊन बसलाय, आपण मात्र त्याच्या गावाला जात नाही.

तर या वेळी अंबाजोगाई. पुण्याहून नगर (आता अहिल्यानगर), जामखेड, मांजरसुंबा, केज असा रस्ता. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. निम्मा रस्ता झाला की बालाघाटचे माळ सुरू होतात आणि माळावर पांढरी पाती दिसू लागतात. पवनचक्क्या! पहिली दिसली की गाडीतले सगळे मोबाइल काढतात. दहावीनंतर कुणी बघत नाही. या लेखाचा विषय मात्र तीच पाती आहेत, म्हणून ती जरा लक्षात ठेवा.

दगड झालेलं वऱ्हाड

आधी गावाची ओळख करून घेऊ. निजामाच्या राजवटीत याचं नाव मोमिनाबाद होतं. जयंती नदीच्या काठी योगेश्वरीचं देऊळ आहे. गंमत म्हणजे मराठवाड्यातली ही देवी कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे देवळाबाहेर मुंबई-पुण्याच्याच काय, थेट रत्नागिरीच्या पाटीच्या गाड्याही दिसतात. प्रसाद म्हणून कुटलेला तांबूल मिळतो. तो आवर्जून खा.

योगेश्वरी कुमारिका आहे. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, अशी कथा सांगतात. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. गावाजवळ हत्तीखाना नावाची कोरीव लेणी आहेत, तिथले दगडी हत्ती म्हणजे त्या वऱ्हाडातलेच, असं लोक मानतात. इतिहासाचे अभ्यासक वेगळं सांगतील, पण त्या हत्तींपुढे उभं राहिल्यावर लग्नाचीच गोष्ट जास्त पटते.

गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० मधला, म्हणजे ११८८ सालचा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. आपण ज्या भाषेत आज एसएमएस आणि ईमेल पाठवतो, तिचा आद्यकवी इथला! दासोपंतही इथलेच. त्यांनी कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ग्रंथ लिहिला. ती 'पासोडी' प्रसिद्धच आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९३० च्या दशकात इथल्या शाळेत होते. पुढे त्यांच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गावात आलं. १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 'मानवलोक' ही संस्था इथेच सुरू केली आणि पाणलोटापासून बायकांच्या प्रश्नांपर्यंत आजूबाजूच्या गावांत काम उभं केलं. चार माणसांनी एकत्र येऊन काही उभं करणं या गावाला नवं नाही.

देवीचं लग्न मोडलं खरं, पण अंबाजोगाई आणि परळीमधलं पंचवीस किलोमीटरचं नातं काही तुटलं नाही. आज ते विजेच्या तारांनी बांधलेलं आहे.

शेजारी धुराडं, घरात अंधार

परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या छोट्या संचापासून सुरुवात झाली, पुढे २१० आणि २५० मेगावॉटचे मोठे संच आले. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो. पाणी माजलगाव धरणातून आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि तिथून कुठे उजेड पडायचा ते परळी ठरवत नाही. परळीकडे राहते ती राख.

दुष्काळी भागात पाण्यावर चालणारं केंद्र म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणीच नाही म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. ज्या भागात प्यायला टँकर येत होते, तिथे विजेसाठी पाणी आणायचं तरी कुठून?

आता आपली बाजू बघा. तुम्ही २००६ मध्ये पुण्यात असाल तर 'पुणे मॉडेल' आठवत असेल. राज्यभर लोडशेडिंग चालू असताना पुण्यातल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, शहरातल्या ग्राहकांनी थोडे जास्त पैसे मोजले आणि शहरातलं लोडशेडिंग थांबलं. आपण खूश! खेड्यांत मात्र त्याच काळात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. परळीची धुराडी गच्चीवरून दिसायची आणि खाली मुलं कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास करायची.

त्याच सुमारास महावितरणने 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आणली होती. गावाने ठरवायचं की संध्याकाळी कुणी शेतातली मोटर लावणार नाही, आकडे टाकणार नाही, जड उपकरणं चालवणार नाही. त्या बदल्यात संध्याकाळी घरातले दिवे चालू राहतील. पुढे ती मागे पडली, पण एक गोष्ट तिने दाखवून दिली. वीज आपल्या हातात आहे असं वाटलं की गाव शिस्त पाळतं. एकाने मोटर लावली तर सगळ्या गावाचा उजेड जाणार, हे कळल्यावर वायरमनची गरज पडत नाही, शेजारीच पुरेसा होतो.

मस्साजोगच्या रस्त्यावर

आता त्या पांढऱ्या पात्यांकडे वळू. पाटोदा, आष्टी, केज, बीड या तालुक्यांच्या माळांवर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोळसा नाही, राख नाही, पाणी लागत नाही. दुष्काळी जिल्ह्यासाठी याहून चांगलं काय असणार? वीज स्वच्छच आहे, त्यात वाद नाही.

वाद आहे तो पैशाचा आणि हक्काचा. पवनचक्की दुसऱ्याच्या मालकीची. तिचा नफा गावातून जात नाही, वरून जातो, वाऱ्यासारखा. गावातल्या एखाद्याच्या जमिनीचे पैसे मिळतात, एखाद्याला वॉचमनची नोकरी लागते, कुणाच्या शेतातून वाहनांसाठी रस्ता काढला जातो. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो पात्यांचा घुं-घुं आवाज. आणि जिथे बाहेरचा मोठा पैसा येतो पण गावाचा त्यावर हक्क नसतो, तिथे मधल्या लोकांचं फावतं.

केजच्या अलीकडे रस्त्यावरच मस्साजोग लागतं. ९ डिसेंबर २०२४ ला या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. त्याआधी तीन दिवस गावातल्या पवनऊर्जा कंपनीच्या आवारात वॉचमनला मारहाण झाली होती आणि सरपंच मध्ये पडले होते. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं. न्यायनिवाडा हे न्यायालयाचं काम. पण या रस्त्याने जाताना गाडीतली गाणी जरा वेळ बंद करा. ज्या पवनचक्कीत गावाचा एक रुपयाही नव्हता, तिच्या आवारात आपल्या माणसाला मार पडला म्हणून एक सरपंच मध्ये पडला होता.

म्हणून वीज स्वच्छ आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती कुणाची आहे, हेही विचारायला हवं.

रात्रीची लाइट आणि दिवसाचं ऊन

केज ओलांडून अंबाजोगाईकडे निघालात की रस्त्याकडेच्या शेतांत विहिरी किंवा बोअरजवळ लोखंडी खांबांवर तिरप्या केलेल्या निळ्या-काळ्या पाट्या दिसतात. सौर कृषी पंप. पवनचक्कीपुढे अगदीच किरकोळ. फोटोही बरा येत नाही. पण हा पंप त्या शेतकऱ्याचा स्वतःचा आहे.

याचं महत्त्व शहरात बसून कळत नाही. शेतीची थ्री फेज लाइट अनेक वर्षं आळीपाळीने येत राहिली, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात, बॅटरी आणि काठी घेऊन पाणी द्यायला जायचं. चिखलात साप, ओल्या हाताने स्टार्टर. घरी बायको-मुलं जागी. रात्रीच्या लाइटने घेतलेले जीव मराठवाड्यात गावागावांत सापडतील. सौर पंप सकाळी ऊन पडलं की चालू होतो आणि संध्याकाळी थांबतो. शेतकरी रात्री घरात झोपतो. एवढंच. पण हे 'एवढंच' फार मोठं आहे.

केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ मध्ये. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचं अनुदान. पुढची अनेक वर्षं बिल नाही.

घरातल्या ऊर्जेची गोष्ट तर बायकांशिवाय पुरी होत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात पुनर्बांधणीच्या कामातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन यांनी तिचं नेतृत्व केलं, २०२२ मध्ये त्या गेल्या. या संस्थेने गावातल्या बायकांना सौर दिवे, कमी धुराच्या चुली अशा वस्तू विकायला, दुरुस्त करायला शिकवलं. अकराशेहून जास्त बायका या धंद्यात उतरल्या आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाने त्याची दखल घेतली. कुठल्याही कंपनीचा सेल्समन जिथे दारातूनच परत जाईल, तिथे गावातलीच बाई थेट चुलीपर्यंत पोचते. आणि दिवा बिघडला तर तिलाच पकडायचं, हेही सगळ्यांना माहीत!

पंचायतीची पवनचक्की

तुम्ही म्हणाल, एकट्या शेतकऱ्याचा पंप ठीक आहे. पण अख्ख्या गावाची मालकी वगैरे कागदावरच बरी वाटते. तर चार उदाहरणं बघा.

पहिलं तमिळनाडूचं. कोइमतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये स्वतःची पवनचक्की विकत घेतली. ३५० किलोवॉटची. किंमत १ कोटी ५५ लाख रुपये. काही पैसे पंचायतीच्या शिलकीतले, बाकी बँकेचं कर्ज. गावाला लागते त्याहून जास्त वीज तयार होते, उरलेली वीज मंडळाला विकायची आणि त्यातून कर्ज फेडायचं. बालाघाटवर आहे तसाच वारा, तसंच पातं. फरक इतकाच की पात्याच्या कागदावर पंचायतीचा शिक्का.

दुसरं आपल्या जुन्नर तालुक्यातलं, दरेवाडीचं. डोंगरातली ३९ घरं. २०१२ मध्ये पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' कंपनीने तिथे एका जर्मन कंपनीच्या मदतीने साडेनऊ किलोवॉटच्या आसपासचा सौर प्रकल्प उभा केला. पण तो चालवायला दिला गावातल्याच लोकांच्या न्यासाकडे. मीटर बघणं, पैसे गोळा करणं, बॅटरीसाठी शिल्लक टाकणं, सगळं गावाचं.

तिसरं साताऱ्याचं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. १०२ घरं, आणि घरांवर स्वतःची पॅनल. रस्त्यावरचे दिवे, पंचायत, शाळा, पाणीपुरवठा यांनाही सौर वीज. हे गाव आधीपासूनच स्वच्छतेची बक्षिसं मिळवणारं. ज्यांना एकत्र येऊन गल्ली झाडायची सवय आहे, त्यांना एकत्र येऊन छपरावर पॅनल चढवणं जड गेलं नाही.

चौथं सातासमुद्रापारचं. डेन्मार्कमधलं साम्सो बेट. वस्ती जेमतेम चार हजार. १९९७ मध्ये त्यांनी सरकारी स्पर्धा जिंकली, दहा वर्षांत स्वतःच्या ऊर्जेवर जगून दाखवायची. २००० पर्यंत जमिनीवर ११ आणि २००३ पर्यंत समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मालक कोण? शेतकरी, नगरपालिका आणि शेअर घेणारे साधे रहिवासी. हे पटवून द्यायला सोरेन हर्मनसेन नावाचा शिक्षक पुढे झाला. तो घरोघरी, सभांमधून फिरला, लोकांबरोबर कॉफी आणि बिअर पीत बसला. त्याच्याकडची बिअर आपल्याकडे चहा समजा. काम तेच.

आपल्या राज्यात मधला एक मार्गही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२३) प्रकल्पासाठी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, दरवर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प ज्या गावात, त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख. पवनचक्कीच्या वॉचमनपेक्षा हे नक्कीच बरं. पण भाडं ते भाडं. जमीन गावची, प्रकल्प कंपनीचा. भाडेकरू आणि घरमालक यांतला फरक पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको.

मालक व्हायचं तर बिलही आलं

सगळं गुलाबी नाही बरं का. सहकारी वीज हा प्रयोग महाराष्ट्राने फार आधी करून पाहिलाय. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. १९७० च्या सुमारास सुरू झाली आणि आसपासच्या गावांना वीज वाटत होती. सभासदांची स्वतःची संस्था. पण वीज घेणाऱ्यांकडून बिलं नीट वसूल होईनात, घेतलेल्या विजेची थकबाकी डोंगराएवढी झाली, राजकारण आत शिरलं. ३१ जानेवारी २०११ ला परवान्याची मुदत संपली आणि वीजवाटप महावितरणकडे गेलं.

मराठवाड्याला हे नवं नाही. सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या यांचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शेअरचं सर्टिफिकेट कपाटात आणि कारखान्याला कुलूप, हे चित्र बघितलेला माणूस 'गावाची वीज' म्हटल्यावर लगेच टाळ्या वाजवणार नाही. त्याला आधी हिशेब हवा. दरेवाडीचं जमलं ते बहुधा याचमुळे. ३९ घरं, सगळी एकमेकांना ओळखणारी, पैसे कुठे गेले ते चावडीवर विचारता येणारी. मालकी जितकी डोळ्यांसमोर, तितका हिशेब चोख. तालुक्याएवढी संस्था झाली की सभासद फक्त मतदानापुरता उरतो.

त्यामुळे बीडच्या माळांवर गावाची पवनचक्की उद्याच उभी राहील असं स्वप्न विकायला मी बसले नाही. पण कंपनीच्या करारात पंचायतीचा हिस्सा मागणं, एखाद्या शाळेच्या, दवाखान्याच्या, दूध डेअरीच्या छपरापासून सुरुवात करणं आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचणं, हे आज होण्यासारखं आहे. पीएम सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातल्या एका गावाला 'आदर्श सौरग्राम' म्हणून १ कोटी रुपये ठेवलेत. त्यासाठी गावांनी आपापसात स्पर्धा करायची आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत फावडी घेऊन उतरलेला हा जिल्हा. स्पर्धा म्हटलं की इथे अंगात येतं!

येळवशीच्या दिवशी

आता डिसेंबरच का, ते सांगते. मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र असतं, पौर्णिमेला संपतं. त्यानंतर पंधरवड्याने, मार्गशीर्ष अमावास्येला, वेळ अमावास्या येते. लातूर, धाराशिव आणि बीडच्या या टोकाला तिला 'येळवस' म्हणतात. त्या दिवशी गावं रिकामी होतात. सगळे शेतात. कडब्याची कोप बांधायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून त्यांची पूजा करायची, शेताला नैवेद्य फिरवायचा. मग जेवण. बेसन आणि ताक लावून शिजवलेली हिरव्या भाज्या, ओला हरभरा, तुरीचे दाणे यांची भज्जी. ज्वारीची आंबट आंबील. उंडे. शेंगदाण्याच्या पोळ्या. ज्यांना शेत नाही त्यांना शेत असलेले बोलावतात. पुण्याला गेलेली पोरं या दिवशी सुट्टी टाकून परत येतात. तुमच्या टीममधला लातूर-अंबाजोगाईचा माणूस डिसेंबरअखेरीला अचानक का गायब होतो, ते आता कळलं ना?

या दिवशी शेतात जाल तेव्हा बघा. ज्याच्याकडे नवा सौर पंप असतो तो पाहुण्यांना आधी तिकडे घेऊन जातो. बटण दाबतो, पाणी उसळतं, पोरं ओरडतात. पॅनलला हळदीकुंकवाची बोटं लागलेली असतात, खांबाला हार. खंडेनवमीला ट्रॅक्टरची होते तशीच ही पूजा. कुणी भाषण करत नाही, फीत कापत नाही. 'आमचं' म्हणून दाखवायचं एवढंच.

समोरच्या माळावर पवनचक्की फिरत असली तरी तिला कुणी हार घालायला जात नाही. ती किती का मोठी असेना, किती का स्वच्छ वीज देईना. कोप आपण आपल्याच शेतात बांधतो, नैवेद्यही आपल्याच शेताला दाखवतो. मस्साजोगच्या माळावरच्या एका तरी पात्यावर उद्या गावाचं नाव लागलं, तर येळवशीच्या दिवशी आंबिलीचा एक शिंतोडा त्या खांबालाही मिळेल. गावकऱ्यांना तेवढा हक्काचा वाटा मिळायला काय हरकत आहे?

आणि तुमच्या गच्चीचं काय?

परतीच्या प्रवासात हा विषय गाडीत काढा. कारण प्रश्न फक्त बीडचा नाही. आपल्या सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे कुठल्या तरी परळीच्या पाण्यावर आणि कुठल्या तरी केजच्या वाऱ्यावर चालतात. आणि डोक्यावरची गच्ची वर्षभर रिकामी तापत असते. फार तर उन्हाळ्यात पापड वाळवायला.

हिशेब सोपा आहे. एक किलोवॉटची पॅनल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार. अडतं कुठे? पार्किंगच्या भांडणात! गच्ची कुणाची, वरच्या मजल्यावाल्याला काय, भाडेकरूने का पैसे भरायचे, सेक्रेटरीचा भाऊच कॉन्ट्रॅक्टर कसा. म्हणजे दरेवाडीला जे ३९ घरांत जमलं, तेच आपल्याला ४० फ्लॅटमध्ये जमवायचंय. सर्वसाधारण सभेला एकदा तरी जा. समोशासाठी जा हवं तर. पण गच्चीचा ठराव मांडूनच या.

जायचंय? मग हे वाचा

कसं जाल : पुणे-नगर-जामखेड-मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई. एसटी आणि खासगी रातराण्या आहेत. मुंबईहून रेल्वेने लातूर किंवा परळी, पुढे एसटी.

कधी जाल : मार्गशीर्षातलं नवरात्र किंवा येळवस. येळवशीला शेतातलं बोलावणं असेल तरच जा. ऑफिसात एखादा मराठवाड्याचा मित्र शोधा, बोलावणं हमखास मिळेल.

काय बघाल : योगेश्वरी मंदिर, हत्तीखाना लेणी, मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या. पंचवीस किलोमीटरवर परळीचं वैजनाथ आणि वीजकेंद्राची धुराडी.

काय खाल : भज्जी, आंबील, उंडे, धपाटे, शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी. डाएट पुण्याला ठेवून या.

काय विचाराल : पवनचक्की दिसली की तिचा मालक कोण, आणि सौर पंप दिसला की रात्रीची लाइट कधी सुटली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.